ताटात मावणारं पापलेट : वेळास ते हर्णै

मार्चमध्ये वेळासला जायचं हे मुलीनं ठरवलं आणि हर्णैला जायचं हे सासूबाईंनी. मुलगी नववीत, तिला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची होती. आईंचं माहेर दाभोळचं, त्यांना बंदरावरच्या लिलावात उभं राहून मासे घ्यायचे होते. मला आणि नवऱ्याला फक्त रजा जुळवायची होती. एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला मासळी, असा हा प्रवास झाला. या दोन टोकांना जोडणारी माणसं मधल्या गावांत भेटली, म्हणून हे लिहायला घेतलं.

गुरुवार : पुणे, ताम्हिणी, बागमांडला, वेळास

पहाटे चांदणी चौकातून निघालो. मुळशीच्या पाण्याकाठून ताम्हिणी उतरलो. पावसाळ्यात जिथे गाड्यांची रांग लागते तिथे मार्चमध्ये वाळलेलं गवत आणि मधूनच पेटलेला पळस. माणगावला मिसळ, मग म्हसळ्याहून बागमांडला. इथे सावित्रीची खाडी जंगल जेटीनं ओलांडायची, गाडीसकट. पलीकडे वेसवी, तिथून बाणकोटच्या किल्ल्याखालून रस्ता थेट वेळासला उतरतो. (जेटी दिवसभर असते, पण शेवटची फेरी किती वाजता हे निघताना विचारून घ्या. चुकली तर मोठा वळसा पडतो.)

जेटीची वाट बघताना धक्क्यावर एक आजोबा जाळं शिवत बसले होते. आई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि पहिलाच प्रश्न टाकला, "आस केवढा हो?" आस म्हणजे जाळ्याचं भोक. आजोबांनी जाळं ताणून चार बोटं घालून दाखवली. "हे आमचं वावरीचं. बारीक पोर सुटून जातं ह्यातनं. ट्रॉलरच्या खोळीतनं बघा काय सुटतंय." वावरी म्हणजे पाण्यात सोडून ठेवायचं जाळं, ट्रॉल म्हणजे नौकेमागून ओढायचं, आणि खोळ म्हणजे त्याच्या टोकाची पिशवी. मग आपणहून सांगू लागले. नियमाप्रमाणे ट्रॉलच्या खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा. चौकोनी का, तर जाळं ओढताना नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ताणून मिटतो आणि काहीच सुटत नाही. चौकोनी उघडा राहतो. "मग लावत नाहीत का?" मी विचारलं. "लावतील की. सगळ्यांनी लावला तर. एकट्यानं लावला तर त्याचीच मासळी शेजारच्याच्या जाळ्यात."

त्यांच्या त्या उत्तराकडे पुढचे सगळे दिवस मी परत परत येत राहिले.

वेळासला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. गाव नाना फडणवीसांचं, लाल वाटा, दोन्ही बाजूंना पोफळी आणि चिऱ्याचे गडगे. आम्ही ज्या घरी उतरलो तिथल्या काकूंनी आधी कोकम सरबत दिलं आणि मग बजावलं, "जेवण शाकाहारी हो. आधीच सांगते, नंतर हिरमोड नको." आईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण रात्री कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, कच्च्या फणसाची भाजी आणि सोलकढी पानात आल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला.

शुक्रवार : वेळासचा किनारा

पहाटे अंधारात गावातून किनाऱ्याकडे चालत गेलो. सुरूच्या बनातून, मग लाकडी साकवावरून. वाळूवर जाळीचं कुंपण घातलेली हॅचरी, आत ओळीनं पाट्या रोवलेल्या: घरटं कोणत्या तारखेचं, अंडी किती. प्रत्येक घरट्यावर एक टोपली उपडी. कासवमित्र दादांनी एकेक टोपली उचलून बघितली. तिसऱ्या टोपलीखाली वाळू हलत होती.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. वाळू किती तापते यावर नर होणार की मादी हे ठरतं. दादांचं काम पहाटे तीन-चारला सुरू होतं. ओल्या वाळूवर पंजांचा माग शोधायचा, काठीनं टोचून वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघायचं, अंडी काढून हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरायची. काही तासांच्या आत. उशीर झाला तर कोल्हा, कुत्रा नाहीतर माणूस आधी पोचलेला असतो.

माणूस हा शब्द त्यांनी सहज वापरला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी २००२ मध्ये इथे आले तेव्हा अंडी काढून खाल्ली आणि विकली जात होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्याच परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाला आहे तेवढंच संरक्षण. पण वेळासच्या वाळूवर पहाटे कायदा येत नव्हता, अंडी काढणारे येत होते. संस्थेनं त्या माणसांना वगळलं नाही. किनाऱ्याची सवय असलेल्या गावातल्याच लोकांना अंडी राखण्याचं काम दिलं. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले आणि कासवाचे पैसे स्वयंपाकघरापर्यंत आले. आता वनविभाग आणि गाव मिळून हे काम बघतात.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: कासव आवडायला लागलं म्हणून गावानं ते राखलं असं झालं नाही. राखणं परवडायला लागलं आणि मग आवडायला लागलं. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांना मी हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे. आणि वाईट काय त्यात?"

टोपलीतून पिल्लं मोठ्या परडीत घेतली, लाटेच्या रेषेपासून दहा-पंधरा पावलांवर ठेवली. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या, सगळे दोरीमागे. पिल्लांनी स्वतः चालत जायचं असतं, हात लावायचा नाही. त्या चालण्यातच त्यांना हा किनारा ओळखीचा होतो असं मानतात. एक पिल्लू लाटेनं तीनदा मागे टाकलं आणि चौथ्यांदा गेलं. मुलगी रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं.

तिनं दादांना विचारलं, "ही कुठे जातात?" पिल्लांचं कुणालाच ठाऊक नाही, पण माद्यांचं थोडं कळायला लागलंय. २५ जानेवारी २०२२ ला याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, नाव ठेवलं प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेचा असा मागोवा पहिल्यांदाच घेतला जात होता. त्याच मोसमात आंजर्ल्याची सावनी आणि गुहागरच्या तिघी. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर धातूची खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, हे गृहीतच त्यामुळे डळमळलं.

जाणाऱ्यांसाठी: पिल्लं तारखेला बांधलेली नसतात. फोन करून घरटी कधी उघडतील ते विचारा आणि एक रात्र जादा ठेवा. सोडण्याची वेळ सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. फ्लॅश आणि टॉर्च नको. रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्कवर विसंबू नका. शनिवार-रविवारी तोबा गर्दी असते, आडवारी जा.

दुपारी काकांनी मागची वाडी दाखवली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं आत शिरलं तेव्हा या वाडीतल्या पोफळी एकाच दुपारी आडव्या झाल्या. नवीन रोपं आता डोक्याच्या वर गेली आहेत. "त्या वर्षी बाग नव्हती आणि टाळेबंदीमुळे पाहुणेही नव्हते," काका म्हणाले. "कासवं मात्र आली. त्यांना राखायला माणसं गेली, पैसे मिळतील की नाही न बघता." सकाळचं माझं परवडण्याचं गणित काकांनी न भांडता दुरुस्त केलं.

शनिवार : केळशी, मग हर्णैचा लिलाव

केळशीला थांबायचं कारण खाडी. ओहोटी लागली होती आणि गुडघाभर चिखलात सात-आठ बायका वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढत होत्या. कोयता, गोणपाट, कमरेला पिशवी. त्यांच्यामागे तिवरांची, म्हणजे खारफुटीची, गर्द रांग. त्यातल्या एक मावशी पाठ सरळ करायला काठावर आल्या. "तिवर तोडायचं नाही, हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "आधी सरपणाला आम्हीच नेत होतो. तिवर गेलं की चिंबोरी गेली, कोळंबीचं पिल्लू गेलं. पण तोडायचं नाही म्हणणाऱ्यानं सरपणाचं काय ते बोलावं ना." त्यांच्याकडे गॅस आहे, सिलिंडर भरायला पैसे नेहमी नसतात. राज्य सरकारनं कांदळवनाच्या, म्हणजे तिवरांच्या, गावांसाठी २०१७ मध्ये उपजीविकेची योजना काढली, गटाला खेकडा किंवा कालवं पाळायला ९० टक्के अनुदान. गट केला का, असं मी विचारलं. शेजारच्या गावात आहे, इथे बोलणी चालू आहेत, असं उत्तर मिळालं.

या बायकांची नोंद कुठल्याच नौकेवर नाही, कारण त्यांच्याकडे नौका नाही. मासेमारीचा परवाना, डिझेलचा परतावा, वादळाची भरपाई, सगळं नौकेच्या क्रमांकावर चालतं. चिखलात हातानं मासळी काढणारी बाई त्या वहीत येतच नाही.

(केळशीला वाळूची मोठी टेकडी होती, तिचा अभ्यास आपल्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केला. १५२४ मध्ये वास्को द गामाच्या जहाजांना दाभोळजवळ समुद्र हादरल्याची जी नोंद आहे, तिच्याशी त्या टेकडीचा संबंध जोडला गेला. महालक्ष्मीचं देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा दोन्ही बघा.)

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेतलं. वरून जोग नदीचं मुख आणि दूर सुवर्णदुर्ग दिसतो. २०२५ च्या जुलैत जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. खाली उतरून चारच्या सुमारास हर्णै बंदरावर.

तो आवाज आधी ऐकू येतो. वाळूवर मासळीच्या राशी, एकेका राशीभोवती पंधरा-वीस माणसांचं कडं, मध्ये बोली पुकारणारा. होड्या भरभरून येत होत्या, पाण्यात उभ्या बैलगाडीत बर्फ चढत होता. सुरमई, हलवा, बांगडा, म्हाकूल, कोळंबी, ढोमा. पाय ठेवायला जागा नाही आणि ठेवला की बर्फाचं गुलाबी पाणी. आईंनी पदर खोचला. त्यांनी एका मावशींशी भाव ठरवायला दहा मिनिटं घेतली आणि शेवटी दोघी एकमेकींच्या माहेरची माणसं काढून बसल्या. लिलावात बोली लावणाऱ्यांत बायका बऱ्याच. मासळी पुरुष आणतात, पण तिची किंमत बाई करते, आणि तो पैसा रात्रीच फिरवावा लागतो.

एका बाजूला एक रास कुणी पुकारत नव्हतं. बोटाएवढे ढोमे, मांदेली, चिंबोऱ्यांची पिल्लं, आणि त्यात तळहातापेक्षा लहान पापलेटं. "ही कुटी," एक तांडेल, म्हणजे नौकेचे म्होरके, म्हणाले. ही कोंबडीखाद्याच्या नाहीतर माशांच्या खाद्याच्या कारखान्याला जाते, पाण्याच्या भावानं. मी २०२३ चा नियम काढला. राज्यानं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलाय, पापलेटाला १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पापलेटाला राज्य मासाही केलं. तांडेल शांतपणे ऐकत होते.

"ताई, जाळ्याला पट्टी लावून मासा येत नाही. वर आला तेव्हा तो मेलेला असतो. मग मी काय करू, परत टाकू? टाकला तरी मेलेलाच." मग जरा थांबून म्हणाले, "आणि लहान पापलेट घेतं कोण? तुमची पुण्या-मुंबईची हॉटेलं. एका माणसाला एक अख्खं, ताटात मावेल असं पाहिजे. मोठं पापलेट कापून द्यायला त्यांना परवडत नाही. ताटात मावणारा मासा म्हणजे अंडी न घातलेला मासा."

मला बोलायला काही सुचलं नाही. आईंनी मात्र मुलीला जवळ घेऊन राशीतलं एक पापलेट उचलून दाखवलं, "बघ, हे घरी आणलं तर मी तुझ्या बाबाला जेवू घालणार नाही."

तांडेलांचा राग सगळ्यात जास्त एलईडीवाल्यांवर. रात्री प्रखर दिव्यांनी मासा गोळा करून पर्ससीननं, म्हणजे भोवती वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यानं, वेढायचा, एका रात्रीत अख्खा थवा उचलायचा. केंद्रानं हे २०१७ च्या नोव्हेंबरात बंद केलं, राज्यानं त्याआधी २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनचे परवाने आवळले, आणि १९८१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून एलईडीसाठी पाच ते वीस लाखांचा दंड ठेवला. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, गस्तीनौका मोजक्या, आणि परराज्यातल्या नौका वेगवान. "पण एक सांगतो," ते म्हणाले, "पर्ससीनवर माझा चुलतभाऊ आहे. कर्ज काढून घेतलंय. तो वाईट नाही. हप्ता वाईट आहे."

रविवार : पाजपंढरी

हर्णैला लागूनच पाजपंढरी, कोळी वस्ती. सकाळी नऊलाच ऊन चावत होतं. घराघरांपुढे जवळा, सुकट, बांगडे वाळत घातलेले. आदल्या दिवशीच्या तांडेलांनी घरी बोलावलं होतं. वहिनींनी तव्यावर बांगडा आणि भाकरी दिली, वर कैरी घातलेली कोलीम. हे जेवण मी कुठल्याही खानावळीत जेवले नाही.

ओट्यावर नेपाळी खलाशी जाळी उलगडत होते. या किनाऱ्यावरच्या कितीतरी नौका आता त्यांच्यावर चालतात. १ जूनला बंदी लागली की गावी जातात, ३१ जुलैला संपताना परततात. हे ६१ दिवस माशांच्या विणीचे. पूर्वी बंदी नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, जे आधी येईल तोवर असायची. वहिनींच्या सासऱ्यांना तीच बरी वाटते. "पुनवेला नारळ वाहायचा तेव्हा दर्या शांत झालेला असायचा. आता १ ऑगस्टला उधाणात जातात, कारण शेजारचा गेला." मच्छीमारांच्या काही संघटना बंदी पुन्हा १५ ऑगस्टपर्यंत न्या म्हणून मागणी करत आल्या आहेत. बंदी वाढवा असं मासेमारच म्हणतात, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

मुलीनं तांडेलांना तिचा प्रश्न विचारला, "तुमच्या जाळ्यात कासव आलं तर?" आलं होतं, दोनदा. कासवाला श्वासाला वर यावं लागतं, ट्रॉलमध्ये तासन् तास अडकलं तर गुदमरतं. वावरीत आलेलं जिवंत होतं. जाळं कापून सोडलं, पोरानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. राज्याच्या कांदळवन कक्षानं २०१८ च्या डिसेंबरपासून भरपाई सुरू केलीय: संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर कमाल २५ हजार रुपये, फोटो आणि व्हिडिओ जोडायचे. त्यांना मिळाली. "मिळाले म्हणून सांगतो, पैशासाठी नाही कापलं. पण पैसे मिळतात हे कळल्यावर जो कापत नव्हता तोही कापतो." वेळासचं कासव आणि हर्णैचं जाळं इथे, या ओट्यावर, एकत्र आलं. वेळासला पाहुण्यांचे पैसे मिळतात. हर्णैला कासव म्हणजे फाटलेलं जाळं आणि बुडालेला दिवस. पिल्लं सोडताना टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या दुसऱ्या गावाचाही हिशेब मांडायला हवा.

वहिनींची काळजी वेगळी होती. वाळवणीची जागा. सातबारा त्यांच्या नावावर नाही, पिढ्यान् पिढ्या वापर आहे एवढंच. बाजूच्या किनाऱ्यांवर रिसॉर्टची कुंपणं पुढे सरकतायत, आणि पाहुण्यांना वास नको असतो. "मासे खायला येतात आणि वासाची तक्रार करतात," त्या म्हणाल्या, पण रागानं नाही.

सोमवार : परत

दापोली, मंडणगड, महाड, ताम्हिणी. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ खाली, मग मासे, मग पुन्हा बर्फ, आणि खोक्याला खाली भोक पाडून पाणी निघू द्यायचं. मासे पाण्यात भिजले की गेले. हर्णैलाच बर्फ भरपूर मिळतो, पुण्यातून न्यायची गरज नाही. दुपारच्या उन्हात सुरमई घरापर्यंत ताठ राहिली.

गाडीत आईंनी पुण्यासाठी नियम ठरवले आणि मुलीनं वहीत उतरवले. तळहातापेक्षा लहान पापलेट घ्यायचं नाही, हॉटेलात अख्खं छोटं पापलेट मागवायचं नाही. मोठ्या माशाची तुकडी मागायची. जून-जुलैत ताजी समुद्री मासळी आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ती कुठली, हे विचारायचं. त्या दोन महिन्यांत रोहू, कटला, नाहीतर पाजपंढरीचा सुका जवळा. बांगडा, तारली, मांदेली जास्त खायची: लवकर वाढतात, लवकर वितात, आणि स्वस्तही आहेत.

निघताना तांडेल म्हणाले होते, "मालवणला जा एकदा." तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध होता, कारण रेषा आखताना त्यांना धरलंच नव्हतं. आणि तिथेच रापणकर आहेत, अख्खं गाव किनाऱ्यावरून जाळ्याचा दोर ओढतं आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात. रापण पावसाळ्यानंतर लागते. दिवाळीच्या सुट्टीसाठी मुलीनं तारखा आत्ताच काढून ठेवल्या आहेत.